ससा आणायच्या आधी जागा बघा

पालकहो, पाऊस सुरू झाला की आपल्या मावळातल्या सुदुंबऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं. ‘पोरांच्या हट्टापायी ससा आणला आणि घरभर पिसवा झाल्या.’ कुणाकडे ससा असतो, कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू, कुणाकडे चार गावरान कोंबड्या. मोबाइलवर मुंगसासारखा लांबुळका फेरेट बघून ‘आपण हा आणूया का?’ म्हणणारी मुलंही हल्ली भेटतात. प्राणी कुठलाही असो, किडे झाले की आपण त्याला धरून अंगावर पावडर मारतो, नाहीतर दावणीला बाहेर बांधून टाकतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. असं का होतं, ते आज जरा निवांत बोलूया.

प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला अगदी थोडा भाग. 100 मधल्या साधारण 95 अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, फरशीच्या सांध्यात, कोपऱ्यातल्या धुळीत असतात. कोषातली पिसू महिनोन्महिने दम धरून राहते. म्हणूनच सुट्टीत घर बंद ठेवून परत आलं की दार उघडताच पायाला चावे बसतात. गोचिडाचंही तसंच. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. तेव्हा औषध अंगाला आणि जागा तशीच, असं केलं तर पैसे पाण्यात.

पिसवा आहेत की नाहीत, हे मुलांना सोबत घेऊन बघता येतं. प्राणी झोपतो त्या गोणपाटावरचे काळे कण पांढऱ्या कागदावर झटका आणि वर पाण्याचे दोन थेंब टाका. माती असेल तर नुसता गाळ होईल. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की ‘गोणपाट धू’ असं मुलांना दहा वेळा सांगावं लागत नाही.

आता जागेचं. मावळातला पाऊस धरून बसला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, म्हणून तयारी आधीच हवी. खुराडं किंवा पिंजरा वळचणीच्या पाण्यापासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच, फळीवर ठेवा. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. भोवतालचं गवत काढून टाका, कारण गोचीड तिथेच दबा धरून असते. खाली अंथरायला भाताच्या गिरणीतला तूस उत्तम, मात्र तो ओला झाला की त्याच दिवशी बदलायचा. गोणपाटं दोन ठेवा, एक वापरात, एक धुऊन वाळत. आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवा आणि ऊन नसेल तर वाळल्यावर कडक इस्त्री फिरवा. पाण्याचं भांडं नुसतं भरत राहू नका, घासून भरा. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची नवी पिढी तयार होते. आणि सशाची मागची बाजू रोज तपासा. लघवीने ओल्या राहिलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर वाट बघत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

उरलेलं खाणं रात्री उचलून ठेवा. खाण्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप. उंदराच्या अंगावरही पिसवा असतातच. 1897 साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या. हा रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. आज तशी साथ नाही, तरी पिंजऱ्याजवळ मेलेला उंदीर मुलांनी हाताने उचलायचा नाही, हा नियम घरात हवाच.

औषधांच्या बाबतीत हात आखडता घ्या. कुत्र्यासाठी मिळणारं फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेततं, पर्मेथ्रिन मांजराच्या. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला चोळू नका. फिनाईल आणि डांबरगोळ्या मांजराला विषारी आहेत. झुरळांचा खडू तर लहान मूल पाटीवर लिहायला घेईल. गोचीड काढायची असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका, नखाने चिरडू नका. हे काम मोठ्यांनीच करायचं.

बाकीची कामं मात्र मुलांची. बहुतेक घरांत होतं असं की हट्ट मुलाचा, कौतुक बाबांचं आणि लेंड्या उचलायच्या आईने. पहिल्याच दिवशी कामं वाटून घ्या. सहा-सात वर्षांचं मूल पाण्याचं भांडं घासू शकतं, दहा वर्षांचं तूस बदलू शकतं. त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. आपल्या सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या 5व्या बटालियनचा तळ आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस वासावरून शोधणारी कुत्री या दलाकडे असतात, हे मुलांना कौतुकाने सांगा. आणि त्या कुत्र्यांची निगा त्यांना हाताळणारा जवान राखतो, हेही सांगा. जो रोज अंगावरून हात फिरवतो, त्यालाच दुखणं आधी कळतं.

मुलाने एखादा दिवस कंटाळा केला तर रागावू नका, ‘चल, दोघं मिळून करू’ म्हणा. ‘नाही केलंस तर सोडून देईन’ अशी धमकी मात्र कधीही देऊ नका. जिवंत प्राणी म्हणजे शिक्षेचं हत्यार नव्हे.

जागेची देखभाल रोज दहा-पंधरा मिनिटं मागते, पावसाळ्यात थोडी जास्त. तेवढा वेळ घरात कुणाकडेच नसेल, तर मुलाला तसं स्पष्ट सांगा आणि प्राणी आणू नका. आणायचाच असेल, तर आधी त्याची जागा मुलासोबत तयार करा, महिनाभर मुलालाच ती रोज झाडू द्या, आणि मगच ससा घरी आणा.