तोंड नको, कड बघ

पोरी, बँकेतून नाण्यांचे रोल आणून त्यात चांदी शोधायला बसणार म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. न्यू जर्सीत आल्यापासून माझ्या कितीतरी शनिवारच्या सकाळी याच टेबलावर नाणी ओतण्यात गेल्या. तुझ्या काकाच्या हाताला जे कळलं, ते सांगतो. नीट ध्यानात ठेव.

आधी एक साल पाठ कर: 1964. अमेरिकेत त्या सालापर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर 90 टक्के चांदीचे. पुढे चांदीचा भाव चढत गेला, नाण्यातली चांदी नाण्याच्या किमतीला भिडू लागली. मग 1965 च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पार काढून टाकली. आत तांबं आणि वरून तांबं-निकेलचा पातळ थर. हाफ डॉलरमध्ये मात्र 40 टक्के चांदी राहिली, ती 1970 पर्यंत. 1970 चा हाफ तर चलनात सोडलाच नव्हता, फक्त संग्राहकांच्या संचात विकला होता. कुणी संच फोडून तो खर्चला असेल तरच रोलमध्ये सापडतो. दिसला की बाजूला काढ.

आता खरा कानमंत्र. नाण्याचं तोंड बघत बसू नकोस, कड बघ. रोल सोडलास की नाणी विस्कटू देऊ नकोस, तशीच आडवी ओळीत ठेव आणि दिव्याखाली कडेवरून नजर फिरव. नव्या नाण्यांच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ दिसते. त्या रेघांच्या रांगेत एखादी कड सलग पांढरी दिसली, की थांब. पन्नास डाइमच्या तारखा वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं आणि डोळेही शिणत नाहीत. हाफ डॉलरला मात्र एवढ्यावर भागत नाही. 40 टक्केवाल्याची कड करडी असते, कधी तिच्यात तपकिरी छटाही असते. म्हणून हाफची तारीख वाचायचीच.

सुरुवात हाफ डॉलरपासून कर. एका रोलमध्ये 20 नाणी, म्हणजे 10 डॉलर. पेटीत 50 रोल, म्हणजे 500 डॉलर. डाइम-क्वार्टर रोज हजारो हातांतून जातात, त्यातली चांदी लोकांनी केव्हाच वेचली. हाफचं तसं नाही. नोव्हेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि 1964 मध्ये त्यांचा चेहरा असलेला हाफ निघाला. लोकांनी तो आठवण म्हणून घरात ठेवून दिला. तेव्हापासून हे नाणं दुकानाच्या गल्ल्यात फारसं फिरलंच नाही. आजोबांचं कपाट आवरताना वारसांना डबा सापडतो, तो ते आहे तसा बँकेत भरून टाकतात. तुझी चांदी त्या डब्यातून येणार आहे.

निकेललाही विसरू नकोस. महायुद्धात निकेल धातू लष्कराला हवा होता, म्हणून 1942 च्या उत्तरार्धापासून 1945 पर्यंत या पाच सेंटच्या नाण्यात 35 टक्के चांदी घातली. इथे कड बघून उपयोग नाही. नाणं पालथं कर. मागे कोरलेल्या मॉन्टिसेलो या वाड्याच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं पी, डी किंवा एस अक्षर दिसलं, तर ते चांदीचं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने आपलं पी नाण्यावर घातलं ते याच वेळी, पहिल्यांदा.

शंका आली तर काट्यावर घाल. चांदीचा क्वार्टर 6.25 ग्रॅम भरतो, नवा 5.67. हाफ 1964 चा 12.5, 40 टक्केवाला 11.5, नवा 11.34. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, तेवढं धरून चाल. काटा नसेल तर कान आहेतच. माझी आई रुपया फरशीवर वाजवून घ्यायची. इंग्रजांचा जुना रुपया तोळाभर वजनाचा आणि बाराला अकरा भाग चांदीचा. 1940 मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आली. आई म्हणायची, खणखणीत असेल तोच घ्यायचा. तू मात्र आपटू नकोस, काठाला खोक पडते. नाणं बोटाच्या टोकावर तोल, पेन्सिलीने हलकेच टिचकी मार. चांदी लांबवर निनादते, तांबं-निकेल लगेच गप्प होतं.

बँकेत वागणूक सांभाळ. गर्दीच्या वेळी जाऊ नकोस. हाफ आहेत का, गिऱ्हाइकांनी हाताने बांधलेले रोल आहेत का, ते हसून विचार. हाताने बांधलेल्यात जुनं जास्त निघतं. शोधून झालेली नाणी त्याच शाखेत परत नेऊ नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तीच तुझ्या पदरात पडतील. आणि रोल पुरे मोजून बांध. एकदा माझ्या रोलमध्ये एक नाणं कमी भरलं. काउंटरवरची बाई काही बोलली नाही, पण मान मलाच खाली घालावी लागली. तेव्हापासून दोनदा मोजतो.

सापडलेलं नाणं घासू नकोस. दिवाळीत आपण समया-निरांजनं चिंच लावून लखलखीत करतो, ते नाण्याला चालत नाही. घासलेलं नाणं जाणकार दुरूनच ओळखतो आणि त्याची किंमत उतरते. काठाला धर, कोरड्या डब्यात ठेव.

पेटीमागून पेटी रिकामी जाईल. जाऊ दे. चांदी नसलेलं प्रत्येक नाणं बँकेत पूर्ण किमतीला परत जातं, खर्च होतो तो फक्त तुझा वेळ. घाईने उघडलेल्या रोलमधूनच चांदी निसटते, म्हणून थकलीस की ऊठ.

आणि पहिलं नाणं विकू नकोस. कुठल्या दिवशी, कुठल्या रोलमध्ये मिळालं, ते चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेव. माझं पहिलं, 1944 चं निकेल, देव्हाऱ्यात आईच्या रुपयाशेजारी आहे. लक्ष्मीपूजनाला दोन्ही एकाच ताटात मांडतो.