‘सेल्फ’ लागत नाही तेव्हा



गाडीच्या स्टार्टर मोटरला आपण सर्रास ‘सेल्फ’ म्हणतो. गेल्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या सकाळी माझ्या जुन्या मारुती ओम्नीचा सेल्फ लागेना. आत पाच परीक्षार्थी बसलेले. किल्ली फिरवली की नुसते ‘टक्’. हॉर्न वाजत होता, दिवे लख्ख लागत होते. तेव्हा बॅटरी ठीक आहे, मोटरच गेली, असा निकाल मी देऊन टाकला. मुलांनी धक्का मारला, दुसरा गिअर टाकून क्लच सोडताच गाडी सुरू झाली आणि घंटेच्या दहा मिनिटे आधी आम्ही पेडण्याच्या केंद्रावर पोहोचलो. त्यातल्या एका मुलीचे हात काळे झाले होते. ते धुवायलाही वेळ नव्हता.

त्याच संध्याकाळी मी मोटर बदलून घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’!

माझी चूक समजायला दहावीचे भौतिकशास्त्र पुरे. (माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले. मी अजून ‘विद्युत धारा’ म्हणून जातो, मुले हसतात. येथे विद्युतप्रवाहच लिहितो.) दोन्ही हेडलाइट मिळून साधारण 10 अँपिअर प्रवाह घेतात. सेल्फ मात्र इंजिन फिरवताना 150 अँपिअरच्या आसपास घेतो. आता वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडापाशी 0.02 ओहम रोध आहे असे धरा. ओहमच्या नियमाने दिव्यांसाठी तेथे 10 × 0.02, म्हणजे 0.2 व्होल्ट वाया जातात. डोळ्यांना कळणारही नाही. सेल्फसाठी 150 × 0.02, म्हणजे 3 व्होल्ट! पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टची. त्यातले 3 वाटेतच गेले तर मोटर इंजिन कशी फिरवणार? (रोध वाढला की प्रवाहही घटतो, पण तो हिशेब पुढच्या इयत्तेत.) थोडक्यात, दिवे लागले यावरून सेल्फची वाट मोकळी आहे हे सिद्ध होत नाही.

ही वाट दोन बाजूंची असते. बॅटरीच्या धन टोकाकडून जाड केबल मोटरकडे जाते, हे सगळ्यांना दिसते. परतीचा प्रवाह मोटरच्या लोखंडी अंगातून इंजिनात, तेथून अर्थच्या पट्टीने गाडीच्या सांगाड्यात आणि मग ऋण टोकाकडे जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत ही पट्टी आणि तिचा बोल्ट आधी कुजतो. डिचोलीच्या एका मेस्त्रींनी, ज्यांचा हात खनिजाच्या ट्रकांवर बसलेला, मल्टिमीटरची एक तार इंजिनला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा होता. आला अडीचच्या वर. पट्टी सोडून पॉलिश पेपरने घासली, नवा बोल्ट घातला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

मोटर खरोखरच जळली असेल, तर ती बदलावीच लागते, आणि जुन्या गाड्यांत ते काम चिकाटीचे. ओम्नीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, तरी गावोगाव ती धावते आहे. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की वरचा भाग दिसतो, पण सेल्फ खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तेथे बसलेला. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर कधीही नाही: सपाट पक्की जमीन, चाकांना अडण आणि भक्कम स्टँड. ओल्या मातीत जॅक रुततो. आधी बॅटरीची ऋण तार सोडावी. जाड केबलवर सहसा फ्यूज नसतो, पाना चुकून सांगाड्याला टेकला तर ठिणगीचा लोळ उठतो. मग मोटरवरच्या दोन्ही तारा काढून बोल्ट सोडायचे. वरचा बोल्ट दिसत नसेल तर बोटांनी चाचपावा आणि पान्याला लांब दांडी लावावी. शेवटचा बोल्ट सुटताना मोटर हातावर पेलायला हवी, ती दिसते त्यापेक्षा जड असते. नवी बसवताना बोल्ट आधी हातानेच फिरवावेत. आणि मोटर जेथे टेकते ती जागा लखलखीत घासावी, कारण परतीची वाट तेथूनच आहे.

1912 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरचे हँडल आजोबांना विचारा.

माझ्या गाडीतून काढलेली मोटर प्रयोगशाळेत ठेवली आहे. मागच्या शनिवारी नववीच्या मुलांनी ती उघडली. आर्मेचर स्वच्छ आहे, आणि कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत.