पुणे–दिल्ली विमानाला नक्की किती वेळ?

प्रश्न : मुलीची जानेवारीत दिल्लीला दुपारी दोन वाजता मुलाखत आहे. नकाशावर पुणे–दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर दिसतं. विमान ताशी ८०० किलोमीटरने जातं, म्हणजे दीड तास. मग तिकिटावर सव्वादोन तास का? त्याच दिवशी सकाळी निघाली तर चालेल ना?
– एक पालक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : ताई, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण विमान सगळा वेळ त्या वेगाने आणि सरळ रेषेत जात नाही. चढताना-उतरताना वेग कमी असतो, ठरलेल्या हवाई मार्गांनी थोडा वळसा पडतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं.

मला खरी काळजी वाटते ती आष्टी ते लोहगाव (पुणे विमानतळ) या टप्प्याची. अहिल्यानगरमार्गे पाच तास धराच. शिक्रापूर-वाघोलीची कोंडी तुम्हाला ठाऊक असेलच. विमानतळ त्याच बाजूला असल्याने पुणे शहरात शिरावं लागत नाही, तेवढं बरं. सुटण्याच्या दोन तास आधी पोचावं. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते.

जानेवारीत दिल्लीत सकाळी दाट धुकं असतं, विमानं तासन् तास रखडतात. त्यामुळे त्याच दिवशी नको. आदल्या दिवशी दुपारचं विमान घ्या. शिर्डीचा विमानतळही पाहा, मात्र तिथून उड्डाणं मोजकी आहेत. वेळ जुळली तरच. मुलगी निवांत झोपून मुलाखतीला जाऊ दे.