सफोकमधलं जुनं फार्महाऊस घेताना

इंग्लंडमधली आपली बरीच मंडळी हल्ली शहर सोडून खेड्याकडे घरं बघतात. ओकच्या काळ्या तुळया, कौलारू छप्पर, मागे सफरचंदाची झाडं असा फोटो पाहिला की जीव त्यातच अडकतो. आम्ही सफोकमध्ये असंच एक फार्महाऊस घेतलं आणि पुढची काही वर्षं ते सावरण्यात गेली. तुमची तरी धावपळ वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

असं घर एका काळाचं कधीच नसतं. आमच्या घराची दर्शनी बाजू विटांची आहे, मधोमध दार आणि दोन्ही अंगांना सारख्या उंच खिडक्या. बघणाऱ्याला ते अठराव्या शतकातलं वाटतं. माळ्यावर गेलं की मात्र मधल्या भागातले वासे काजळीने माखलेले दिसतात, हात लावला तर आजही बोट काळं होतं. मूळ घरात जमिनीपासून छपरापर्यंत उघडं असं एकच मोठं दालन होतं. मधोमध जमिनीवरच जाळ असायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा. पुढे शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, तशी विटांची धुराडी आली आणि दालनात मजला पडला. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये या लाटेला ‘ग्रेट रिबिल्डिंग’ असं नाव दिलं आणि तिचा काळ १५७० ते १६४० धरला. विटांची दर्शनी भिंत त्यानंतरची. तिच्यामागे जुनी लाकडी चौकट तशीच उभी आहे आणि तिच्या सांध्यांवर सुतारांनी जुळणीसाठी कोरलेले रोमन आकडे अजून वाचता येतात.

हा इतिहास हौसेपुरता समजू नका. प्रत्येक बदलात कुणी ना कुणी काहीतरी कापलेलं असतं. आमच्याकडे वरच्या दोन खोल्यांमध्ये दार हवं म्हणून भिंतींना बांधून धरणारी आडवी तुळई मधोमध कापली होती. त्यामुळे भिंती बाहेर कलल्या आणि जमीन उतरती झाली. अशी जुनी, स्थिरावलेली वाकणी सरळ करायच्या भरीस पडू नका. ती वाढते आहे का, एवढं जाणकाराकडून तपासून घ्या.

आमच्या घराचं खरं नुकसान मात्र अलीकडच्या डागडुजीने केलं. मागच्या भिंती कुडाच्या, म्हणजे ओकच्या चौकटीत काठ्यांची वीण, त्यावर माती, गवत आणि शेणाचा लेप, वरून चुन्याचा गिलावा. चुना ओल घेतो आणि सोडतो. आधीच्या मालकांनी त्यावर तारेची जाळी ठोकून सिमेंट थापलं होतं. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही. केसाएवढ्या भेगा पडतात, पाऊस आत शिरतो आणि तिथेच मुरतो. वरून रंग पांढराशुभ्र! सुताराने तळाचा हातभर गिलावा काढला आणि पायातल्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. काळा, ओला भुसा हातात आला. भिंत टेकूंवर तोलून ती तुळई टप्प्याटप्प्याने बदलावी लागली.

म्हणून पाहणीसाठी लाकडी चौकटीची घरं जाणणारा सर्व्हेयर शोधा आणि ‘लेव्हल थ्री’, म्हणजे सर्वांत सविस्तर अहवालच मागा. ओल मोजायचं मीटर लावून लगेच भिंतीत रसायन टोचायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी पन्हळी, बाहेरच्या जमिनीची उंची आणि सिमेंट बघा. छपराला आतून फवारलेला फोम असेल तर अनेक बँका कर्ज नाकारतात.

आता कायद्याचं. अशी बहुतेक घरं ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित इमारतींच्या यादीत असतात. ही नोंद फक्त दर्शनी भागाची नसते, आतल्या जिन्याला आणि चुलाण्यालाही लागू होते. १९९० च्या कायद्यानुसार घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं गुन्हा आहे. आधीच्या मालकाने तसं केलं असेल तर खटला तुमच्यावर होत नाही, पण बदल मागे घ्यायची नोटीस तुम्हाला येऊ शकते आणि तिला मुदत नाही. आमच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या अशाच काढाव्या लागल्या. त्यामुळे घरातला प्रत्येक नवा बदल आणि त्याची परवानगी वकिलाकडून ताडून घ्या. खर्चात २० टक्के व्हॅट धरा. मंजूर बदलांना मिळणारी सूट ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली आहे.

विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘स्पॅब’ ही संस्था जुन्या इमारतींबद्दल फोनवर सल्ला देते, घरमालकांसाठी वर्गही घेते. सही करण्याआधी त्यांच्याशी बोला. आणि विकणारा भिंतीच्या तळाशी हात लावू देत नसेल, तर घर कितीही आवडलेलं असो, सोडून द्या.