घनकोड्याची पुढची पायरी

मुक्काम नांदेड

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. थरावर थर रचण्याच्या प्राथमिक रीतीने रुबिकचा घन दीड मिनिटात सुटू लागताच, अखेरच्या थराची, रंग वर आणण्याची ५७ आणि तुकडे जागी नेण्याची २१ मिळून सर्व ७८ सूत्रे एकदम मुखोद्गत करण्याचा तू जो मनसुबा कळविला आहेस, तो तूर्त तहकूब ठेवावास, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझा वेळ हाताच्या मंदपणात जात नाही; एक तुकडा बसला की दुसरा शोधण्यासाठी घन उलटापालटा करीत तू जो थबकतोस, त्यात जातो.

यास्तव प्रथम पांढरी फुली, म्हणजे चार पांढऱ्या कडा, तळाशी धरून सोडविण्याची सवय लाव. कोणत्याही मांडणीतून ती जास्तीत जास्त ८ चालींत पुरी होते, आणि स्पर्धेत आरंभी निरीक्षणासाठी मिळणारी १५ सेकंदे तिचाच आराखडा बांधण्यात खर्ची घालावयाची असतात. त्यानंतर पांढरा-हिरवा-तांबडा कोपरा आणि त्याची हिरवी-तांबडी कड ही निरनिराळी न बसविता, वरच्या थरातच त्यांची जोडी जुळवून ती एकदम आपल्या खाचेत उतरवावी. या जोड्यांचे ४१ प्रकार कोष्टकात सापडतील. ते घोकू नकोस. कोपऱ्याचा पांढरा रंग वर आहे की बाजूला, हे पाहून कड त्याच्यापासून दूर कशी न्यावी आणि परत कशी आणावी, हे समजून घे. आणि एक जोडी उतरत असता दृष्टी दुसरीच्या शोधात राहावी, एवढ्यासाठी हात मुद्दाम संथ ठेव. सराव-परीक्षेत चुकलेले गणित तुम्ही लातूरकर मुले जशी पुन्हा मांडता, तशी जेथे अडलास ती मांडणी मोडून पुन्हा जुळव.

ज्या चेक विदुषी जेसिका फ्रिडरिख यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते, त्या १९८२ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत उतरल्या होत्या. तेथील विजेत्याची वेळ २२.९५ सेकंद होती. आजचा विक्रम ४ सेकंदांच्या आत आला आहे!

बोटांची तालीम मात्र आजच सुरू कर. उजवा थर वर, तर्जनीने वरचा थर डावीकडे, उजवा खाली, वरचा माघारी: या चार चाली सहा वेळा केल्या की सुटलेला घन पूर्ववत होतो, म्हणून चूक झाल्यास तत्क्षणी कळते. मनगट वळवावे, पकड सोडू नये.

चारही जोड्या न थबकता उतरू लागल्या, की अखेरचा थर दोन-दोन टप्प्यांनी घ्यावा. त्यास १० आणि ६ अशी सोळाच सूत्रे लागतात. दिवाळीत येशील तेव्हा ती बसून पाहू. तोवर वेळ मोजण्याचे घड्याळ आईच्या स्वाधीन कर.

तीर्थरूप दाजींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा मामा