एका वेळी एकच प्रकाशकण

दिव्याचे बटण दाबले की खोलीत प्रकाशकणांचा पूर येतो. आपण मागू त्या क्षणी नेमका एकच कण देणारा दिवा करता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. पण गुप्त संदेशवहनाचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे.

1984 साली बेनेट आणि ब्रासार यांनी प्रकाशकणांच्या साहाय्याने गुप्त किल्ली पाठविण्याची रीत मांडली. तिचे मर्म असे, की अज्ञात अवस्थेतील एकट्या कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही. वाटेत कोणी तो मोजू गेला तर अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते. मात्र एका स्पंदात दोन कण गेले तर? चोर एक ठेवून घेईल, दुसरा पुढे सोडील!

लेसरचा झोत मंद केला म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. दर स्पंदामागे सरासरी 0.1 कण ठेवला, तर 1000 स्पंदांपैकी सुमारे 905 रिकामे जातात, 90 मध्ये एक कण असतो आणि 5 मध्ये एकाहून अधिक. अधूनमधून फसवे स्पंद मिसळून चोर पकडण्याची युक्ती पुढे निघाली, हे खरे. पण कणांची संख्या दैवावरच राहते.

येथे अर्धवाहकाचा पुंजबिंदू, म्हणजे क्वांटम डॉट, कामास येतो. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर इंडियम आर्सेनाइडचा थर चढविताना दोहोंतील अणूंची अंतरे जुळत नाहीत. त्या ताणाने थराच्या आपोआप गुठळ्या होतात, तेलकट ताटावर पाण्याचे थेंब व्हावेत तशा. रुंदी अवघी 20 नॅनोमीटरच्या आसपास. अशा कोंडीतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही. अणूप्रमाणे ठरावीक पायऱ्याच असतात. लेसरने त्याला वर चढवावे. त्या पायरीवरून उतरताना तो एकच कण देतो, आणि पुन्हा चढविल्याखेरीज दुसरा देत नाही. 2000 साली हे प्रयोगाने दिसले. कसोटी मला फार आवडते: अर्धपारदर्शक आरशामागे दोन्ही वाटांवर एकेक शोधक ठेवायचा. एकटा कण दुभंगत नाही, म्हणून दोन्ही शोधक एकदम वाजत नाहीत.

अडचणी आहेतच. बहुतेक प्रकाश स्फटिकातच परावर्तित होत अडकतो. म्हणून बिंदूभोवती आरशांचे सूक्ष्म खांब रचतात. उपकरण उणे 269 अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावे लागते. शिवाय कोणतेही दोन बिंदू तंतोतंत सारखे निपजत नाहीत, आणि प्रकाशकणांवर चालणाऱ्या गणकयंत्राला तर एकसारखेच कण हवेत. त्यातच हे बिंदू साधारण 900 ते 950 नॅनोमीटर लांबीच्या लहरी देतात. काचतंतूत सर्वांत कमी क्षय होतो तो 1550 च्या आसपास. त्यासाठी आता इंडियम फॉस्फाइडच्या स्फटिकावर बिंदू वाढविले जात आहेत.