दोरी, परसबाग आणि वर्गसमीकरण

इयत्ता दहावीच्या बीजगणितात ‘वर्गसमीकरणे’ हा एक महत्त्वाचा घटक आहे. सूत्र मुखोद्गत करून उदाहरणे अचूक सोडविणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात आढळतात. परंतु या समीकरणाला दोन उत्तरे का येतात, त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावे आणि व्यवहारात त्याचा उपयोग कोठे होतो, असे विचारले असता त्यांतील बरेचसे निरुत्तर होतात. अर्थ न कळता पाठ केलेले सूत्र परीक्षेनंतर विस्मरणात जाते, आणि गणिताची धास्ती मात्र मनात कायम राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये अनुभवाधारित अध्ययनावर भर देण्यात आला आहे. त्या दृष्टीने शाळेच्या आवारातच हा घटक कसा शिकविता येईल, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

वीस मीटर दोरीचा प्रकल्प

शाळेच्या परसबागेसाठी कुंपण घालावयाचे आहे, अशी कल्पना करावी. एका बाजूला शाळेची भिंत आहे. उरलेल्या तीन बाजूंसाठी २० मीटर दोरी उपलब्ध आहे. जास्तीत जास्त जमीन कुंपणात कशी येईल, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. सूत्र सांगू नये. दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी त्यांच्या हाती द्यावी.

भिंतीपासून पुढे येणारी रुंदी अनुक्रमे २, ३, ४, ५, ६, ७ व ८ मीटर ठेवल्यास भिंतीला समांतर असलेली लांबी १६, १४, १२, १०, ८, ६ व ४ मीटर होते. त्यानुसार क्षेत्रफळे ३२, ४२, ४८, ५०, ४८, ४२ व ३२ चौरस मीटर येतात. दोरी तीच असूनही क्षेत्रफळ आधी वाढते, ५ मीटर रुंदीला सर्वाधिक होते आणि पुढे त्याच क्रमाने उतरते. आलेख कागदावर हे बिंदू मांडून जोडले की अन्वस्त नावाचा वक्र डोळ्यांसमोर उभा राहतो.

यानंतर लगतच्या क्षेत्रफळांतील फरक काढावयास सांगावे. ते १०, ६, २, उणे २, उणे ६ व उणे १० असे येतात, म्हणजे प्रत्येक वेळी ४ नेच कमी होतात. रुंदी समान अंतराने वाढविली असता फरकांचा फरक स्थिर राहणे, हीच वर्गफलाची खूण होय. रुंदीला ‘क्ष’ मानून क्षेत्रफळ २०क्ष − २क्ष² असे लिहिण्याची वेळ आता येते, आणि ते अक्षरांचे कोडे न वाटता स्वतः मोजलेल्या जमिनीचे वर्णन वाटते.

दोन उत्तरे कशी येतात?

परसबागेला ४२ चौरस मीटर जागा हवी असल्यास समीकरण क्ष² − १०क्ष + २१ = ० असे होते. त्याची मुळे ३ आणि ७ ही आहेत. दोन्ही उत्तरे जमिनीवर आखून दाखविता येतात : एक वाफा ३ बाय १४ मीटरचा, तर दुसरा ७ बाय ६ मीटरचा. ५० चौरस मीटरची मागणी केल्यास ५ हे एकच मूल्य मिळते. ६० चौरस मीटर मागितल्यास विवेचक उणे २० येतो. विवेचक ऋण असणे म्हणजे एवढ्या दोरीत तेवढी जमीन बसणे अशक्य असणे, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांचा दाखला

उत्तर व्यवहाराच्या कसोटीवर तपासण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथाच्या बीजगणित या भागात वानरांच्या कळपाची दोन उदाहरणे आहेत. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात क्रीडा करीत असून उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत, असे पहिले उदाहरण. त्याची ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे जुळतात. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला व एक वानर बाहेर राहिला, असे म्हटले आहे. येथे ५० व ५ ही उत्तरे येतात. परंतु ५ चा पंचमांश १ असल्याने त्यातून ३ वानर वजा करता येत नाहीत. म्हणून भास्कराचार्यांनी ते उत्तर अग्राह्य ठरविले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आढळला आहे.

शाळेपुढील रस्ता

दुसरा प्रकल्प मुलांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. वाहनचालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यानंतर वाहनाचा वेग दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात कमी होतो, असे गृहीत धरावे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचे वाहन १० अधिक १०, अशा एकूण २० मीटर अंतरात थांबेल. वेग दुप्पट केल्यास हे अंतर २० अधिक ४०, म्हणजे ६० मीटर होईल. ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाहन न चालविता ही दोन्ही अंतरे मैदानावर मोजून तेथे निशाणे रोवावीत. शाळेजवळ वेगमर्यादा कशासाठी हवी, हे त्यांतील ४० मीटरच्या फरकावरून ध्यानी येते.

अंमलबजावणी

या प्रकल्पांना खर्च जवळजवळ नाही. दोन तासिका मैदानावर व त्यानंतरच्या तासिका फळ्यावर, अशी विभागणी करता येईल. मोजणी हा सूत्राला पर्याय नसून त्याचा पाया आहे; म्हणून पूर्ण वर्ग पद्धती व सूत्र यांचा सराव नंतर अवश्य करून घ्यावा. शाळाभेटीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘सूत्र सांगा’ असे म्हणण्याऐवजी ‘हे उत्तर जमिनीवर दाखवा’ असे म्हणावे. ग्रामपंचायत सदस्यांनी परसबागेची आखणी किंवा शाळेपुढील रस्त्याचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडून त्यांची गणिते विचारात घ्यावीत. आपण केलेल्या गणितावरून गावातील एखादे काम ठरते, हे पाहिलेल्या विद्यार्थ्याला बीजगणिताचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागणार नाही.